सोयरे जास्त झाले की पडणारं मशीन

निवृत्त झाल्यापासून जो भेटतो तो म्हणतो, "साहेब, नोकरीतली एखादी खतरनाक केस सांगा ना." त्याला खून पाहिजे असतो, निदान दरोडा तरी. खून मी पाहिले, दरोडेखोरही धरले, आणि त्यातल्या निम्म्यांचे चेहरेसुद्धा आता डोळ्यांसमोर येत नाहीत. पण परभणी जिल्ह्यात सेलूला नेमणूक असताना एका वधू-वर मंडळाच्या कॉम्प्युटरची भानगड माझ्याकडे आली होती, ती मात्र काल घडल्यासारखी लक्षात आहे. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. एका बाईची अब्रू भर सभेत गेली होती, आणि ती परत मिळवून देण्याची तरतूद आमच्या कुठल्याच कलमात नव्हती.

कुणाचंही नाव सांगणार नाही. समाजाचंही नाही. महादेवाला मानणारी, व्यापार-शेती करणारी साधी माणसं, एवढंच पुरे.

सकाळची हजेरी झाली होती. रात्रपाळीवाले घरी जायच्या गडबडीत, ठाण्याचा लेखनिक, म्हणजे आमचा रायटर, चहा सांगायच्या. तेवढ्यात फाटकाच्या आत एक मास्तर उभे दिसले. ठाण्यात येणाऱ्या माणसाचं एक असतं. ज्याला तक्रार द्यायची असते तो थेट टेबलाकडे येतो. ज्याला तक्रार द्यायची लाज वाटते तो आधी भिंतीवरचा फलक वाचतो. हे मास्तर हरवलेल्या म्हशीची सूचनासुद्धा मन लावून वाचत होते. मी स्वतःच बाहेर जाऊन त्यांना आत घेऊन आलो आणि दार लोटलं.

"साहेब, तक्रार न्हाई द्यायची. फक्त सांगायचंय," ते म्हणाले.

"सांगा."

"आधी वचन द्या. नाव कुठं येऊ द्यायचं न्हाई."

"मास्तर, आधी सांगा तर खरं. वचनाचं नंतर बघू."

मास्तर सेलूजवळच्या वालूरचे. मुलीचं नाव समाजाच्या वधू-वर मंडळात नोंदवलेलं. एक दिवस फोन आला. बोलणारा शहरी, भाषा स्वच्छ. म्हणाला, तुमच्या मुलीचं मागं ठरलेलं लग्न मोडलं होतं, हे आम्हाला माहीत आहे. मास्तरांनी फोन ठेवायला घेतला तर तो म्हणाला, "थांबा. तुमचे सोयरे वाचून दाखवू का?" आणि त्यानं खरंच एकेक आडनाव गावासकट वाचून दाखवलं. पैसे पाठवा, नाहीतर यातल्या प्रत्येकाला फोन जाईल.

"दिले?"

"दिले, साहेब. काय करता? आता तो आणखी मागायलाय."

इथं बाहेरच्या वाचकाला सोयऱ्यांचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मुलीच्या परिचयपत्रात शिक्षण एका ओळीत आटोपतं आणि सोयरे पानभर चालतात. मामाचे, आत्याचे, मावशीच्या दिराचे, चुलत आजीच्या माहेरचे. आडनाव आणि पुढं गाव. सोयरे जितके लांब तितकं घराणं भारी. लोकांना त्यात इतका अभिमान की कुणी एक नाव गाळलं तर तो पाहुणा लग्नाला येत नाही. आणि नेमकी हीच अभिमानाची यादी त्या भामट्याच्या हातात हत्यार म्हणून गेली होती. कुठं घाव घालायचा ते आपणच त्याला लिहून दिलेलं.

मास्तरांची समजूत काढून तक्रार घेतली, गुन्हा नोंदवला. नाव बाहेर जाणार नाही अशी काळजी घेतली. हळूहळू कळलं की मास्तर एकटे नाहीत. सेलूत, पूर्णेत, परभणीत अशी आणखी घरं निघाली. कुणी पैसे दिले होते, कुणी मुलीला मामाकडं पाठवून दिलं होतं. सगळी एकाच मंडळातली.

मंडळाचं ऑफिस सेलूच्या बाजारात, अध्यक्षांच्या कापडाच्या दुकानावर. सगळी माहिती तिथल्या एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे सर्व्हरमध्ये. पूर्णेच्या आणि परभणीच्या शाखेला तिथूनच माहिती मिळे, आणि लोक घरबसल्या मोबाईलवरूनही नोंदणी करत. त्यात 'खाजगी शेरा' म्हणून एक रकाना होता. मोडलेली सोयरीक, अंगावरचा पांढरा डाग, लहानपणीचं ऑपरेशन. आईबाप आवाज बारीक करून जे सांगतात ते त्या रकान्यात जाई. तो उघडायचा पासवर्ड दोघांकडेच. एक अध्यक्ष आणि दुसरी ऑपरेटर.

ऑपरेटरला मी ताई म्हणतो. तीही वालूरचीच. लग्नानंतर वर्षाच्या आत नवऱ्यानं सोडलेली, मग कॉम्प्युटर शिकून मंडळात लागलेली. लोकांची लग्नं जुळवता जुळवता तिचंही नुकतंच जुळलं होतं. मुलगा पूर्णेचा, रेल्वेत. साखरपुडा होऊन गेला होता, तारीख काढायची बाकी.

अध्यक्ष माझ्यासमोर बसले आणि त्यांनी तपास संपवूनच टाकला.

"साहेब, पासवर्ड दोघांकडं. मी तर गळ्यातल्या लिंगाची शपथ घेतो. मग राह्यलं कोण? तुमीच सांगा."

"अध्यक्ष, बेरीज-वजाबाकी दुकानात करा. तपास मी करतो," मी म्हणालो. "आणि तो संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही."

"न्हाई न्हाई. छे! माझ्या तोंडून?"

मान त्यांनी अशी डोलावली की मला खरं वाटलं. आणि लागलीच आलेल्या रविवारी, परिचय मेळाव्यात, भरल्या मंगल कार्यालयात हा गृहस्थ माइकवर गेला आणि म्हणाला, "समाजबांधवांनो, घाबरू नका. माहिती फोडणारी आपलीच ऑपरेटर निघाली. तिला आमी कामावरून काढलंय." ताई तेव्हा हॉलमध्येच होती. दाराशी टेबल टाकून नोंदणी करत होती. लोक माना वळवून बघायला लागले. कुणीतरी तिच्यासमोरची पेनं उचलून घेतली म्हणे. मला हे कळलं तेव्हा हातातला कप मी असा आपटला की रायटर उठून उभा राहिला. तपास चालू असताना माइकवरून निकाल! कुणी दिला याला अधिकार?

दुसऱ्या दिवशी ताईला चौकशीला बोलावलं. दिवसाउजेडी, महिला अंमलदार समोर बसवून. परभणीहून सायबरच्या फौजदार मॅडम आल्या होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण कामाला खमक्या. त्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसल्या.

ताई आली ती रागानं लाल होऊन. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "आता काय विचारायलात, साहेब? माइकवर निकाल लागला की."

"तो अध्यक्षांचा. माझा लागायचाय. बसा."

"पूर्णेहून फोन आला सकाळी. म्हणले, आपलं राहू द्या. एवढंच. कामून म्हणून विचारलं तर फोन ठेवून दिला."

पासवर्ड कुणाला दिला का? नाही. कुठं लिहून ठेवला का? नाही. तिनं आपणहून मोबाईल टेबलावर ठेवला. "घ्या. काय बगायचं ते बगा. त्यात साखरपुड्याचे फोटो हायत, तेवढे पुसू नका." मग जरा थांबली. "न्हाई, पुसा. काय करायचेत आता."

महिला अंमलदारानं पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं तो तसाच ठेवला.

माझा एक अनुभव आहे. ज्याच्या मनात काळं असतं तो विचारलं तेवढंच बोलतो. ज्याच्यावर आळ येतो तो साऱ्या जगाची गाऱ्हाणी सांगतो, आणि अशा वेळी त्याला अडवू नये. मी नुसतं विचारलं, "ऑफिसात काम कसं चालायचं?" झालं! खुर्ची मोडकी, पंखा बंद, दुकानातली पोरं येता-जाता टोमणे मारतात, अध्यक्ष स्वतःच्या भाच्याचं स्थळ सगळ्यात वर दाखवा म्हणतात. "आणि ते मशीन तर लय नाटकी. सोयरे जास्त झाले की पडायचं."

कोपऱ्यातलं टायपिंग थांबलं. मॅडमनी मान वर केली. "पडायचं म्हणजे?"

"बंद व्हायचं हो. एका पाटलांनी सोयरे लिहिले, ते पार निजामाबादपर्यंत गेले. बटण दाबलं की सगळं गुल. अध्यक्षांना लय बार सांगितलं. ते म्हणले, पाटलांना म्हणावं सोयरे कमी करा. असं कुणाला म्हणता येतं का? जीव घेतील!"

मला हसू आलं. महिला अंमलदारही हसली. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"आणि परत आपोआप सुरू व्हायचं?"

"व्हायचं की. जरा वेळानं."

मॅडम मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "सर, मशीन आजच ताब्यात घ्यायला पाहिजे. कुणाला सांगू नका."

लगेच पंचांसमक्ष पंचनामा करून सर्व्हर सील केला. पंच म्हणून शेजारचे दोन दुकानदार घेतले होते. त्यातल्या एकानं सही करता करता हळूच विचारलं की आत त्याच्या पुतणीचा खाजगी शेरा काय लिहिलाय ते बघता येईल का. असा माझा तालुका!

परभणीला मॅडमनी सर्व्हरची हुबेहूब प्रत काढून दुसऱ्या मशीनवर चालवली. सोयऱ्यांच्या जागी लांबच लांब मजकूर टाकला. मशीन पडलं. परत टाकला, परत पडलं. मी म्हणालो, "मॅडम, पडलं ते दिसलं. पण पडण्याचा आणि चोरीचा संबंध काय?"

त्यांनी मला पंगतीचा दाखला दिला, तो मी आजही सगळ्यांना सांगतो. समजा, मांडवात पन्नास पानांची जागा आखली आहे. माणसं मोजून घ्यायला दारात कुणीच नाही. पाहुणे येत राहतात, बसत राहतात, आणि मांडव भरला की सरकत सरकत थेट स्वयंपाकघरात जाऊन बसतात. बहुतेक वेळा काय होतं? गोंधळ होतो, आचारी पळी टाकून उभा राहतो, स्वयंपाक बंद. म्हणजेच मशीन पडतं. पण एखादा लबाड पाहुणा नीट अंदाज घेऊन बरोबर आचाऱ्याच्या जागेवर जाऊन उभा राहतो. वाढपी त्या जागेवरून हुकूम येतो एवढंच बघतात, माणूस बघत नाहीत. तो म्हणाला कोठी उघड, की उघडतात.

"या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून आलेला मजकूर ठेवायला ठरावीक जागा आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि मजकूर किती आलाय ते मोजायचं बनवणारे विसरले. जागेपलीकडचा मजकूर शेजारच्या जागेत सांडतो. पाटलांचे सोयरे सांडले तर नुसतं बंद पडतं. पण सोयऱ्यांच्या जागी कुणी मोजूनमापून हुकूम लिहिले, तर मशीन ते हुकूम पाळतं. त्याला पासवर्ड लागतच नाही, सर."

पासवर्ड लागतच नाही. मी ते वाक्य त्यांना परत म्हणायला लावलं. अध्यक्षांची सगळी वजाबाकी त्या एका वाक्यानं उडाली होती.

सर्व्हर बसवून देणाऱ्या इंजिनिअरला बोलावलं. बनवणाऱ्या कंपनीनं ही चूक केव्हाच दुरुस्त करून नवीन आवृत्ती काढली होती. ती का टाकली नाही, विचारलं. तो म्हणाला, "साहेब, चालत्या मशीनला हात लावू नये."

"ते पडतंय असं ती बाई सांगत होती ना रे?"

"पडून उठत होतं की, साहेब."

काय बोलणार कपाळ? त्याचा जबाब घेतला आणि रवाना केला.

सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींत एक दुपार सापडली. त्या दुपारी मशीन लागोपाठ पडत होतं, उठत होतं, पडत होतं. कुणीतरी बाहेरून अंदाज घेत होता. मग एकाएकी पडायचं थांबलं आणि सगळी माहिती, शेऱ्यांसकट, बाहेर गेली. ती दुपार ताईच्या साखरपुड्याची होती. पूर्णेत ती पाटावर बसलेली, दोन्ही हात मेंदीनं भरलेले. ती तिथंच होती याचा साक्षीदारही मंडळातलाच निघाला. अध्यक्ष स्वतः पहिल्या पंगतीला हजर होते, आणि साखरपुड्याच्या व्हिडिओत ताईकडं बघत जिलेबी वाढून घेताना दिसत होते.

हुकूम कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आले त्याचा माग काढत आमचं पथक परराज्यातल्या एका शहरात पोचलं आणि एका शिकलेल्या तरुणाला घेऊन आलं. धमकीच्या फोनची सिमकार्डं त्याच्या खोलीत मिळाली, पण सर्व्हरचं तो कबूल होईना. मी ओरडून बघितलं, गप्प बसून बघितलं. तो भिंतीकडं बघे. मग मॅडम आल्या. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि मला समजावून सांगायला लागल्या, की हे काम तसं किरकोळ असतं, कुणीही पोरसवदा माणूस असं असं करून टाकतो. त्यांनी जाणूनबुजून चुकीचं सांगायला सुरुवात केली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या तरुणाची चुळबुळ कळत होती. शेवटी त्याला राहवलं नाही. "असं केलं तर नुसतं क्रॅश होईल, मॅडम," तो म्हणाला, आणि बरोबर कसं करायचं ते त्यानं स्वतःच सांगितलं. घरफोडी करणाऱ्यानं कधी स्वतःच्या कलेची अशी तारीफ केलेली मी ऐकली नव्हती. नंतर त्यानं सांगितल्याप्रमाणे त्याच्या लॅपटॉपवर सगळा मुद्देमाल मिळाला.

त्यानं सेलू पाहिलं नव्हतं. जुनी आवृत्ती असलेली मशीनं तो इंटरनेटवर धुंडाळत होता, त्यात हे सापडलं.

मी शेवटचा प्रश्न विचारला, "मंडळातल्या ऑपरेटर बाईनं तुला काय मदत केली?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "कोण बाई?"

ते दोन शब्द ऐकून मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

दोषारोपपत्र तयार झालं तेव्हा मी ताईला बोलावून सांगितलं, "ताई, तुमचं नाव आरोपीत नाही, संशयितांत नाही. कुठंच नाही."

ती शांतपणे म्हणाली, "कुठंच न्हाई? अन् माइकवर आलेलं?"

मग म्हणाली, "त्याच माइकवर माझं नाव घेऊन सांगायला लावा. बाकी काई नको." संशय घेतला होता साऱ्या समाजासमोर, आणि सुटका झाली होती माझ्या टेबलावर, दार लोटून.

मी अध्यक्षांकडं गेलो. ते म्हणाले, "मिटलं की, साहेब. तिला कामावर परत घेतो. आता परत कशाला उकरायचं? चारचौघांत शोभत न्हाई."

"त्या दिवशी शोभलं?" माझा आवाज दुकानाबाहेर गेला असणार, कारण गिऱ्हाईकं हातातली कापडाची थानं सोडून बघायला लागली. "तिची एकच अट आहे. त्याच माइकवर."

कायद्यानं मी त्यांना भाग पाडू शकत नव्हतो. पण मंडळाची एक जुनी पद्धत होती. मेळाव्यात ठाण्याच्या साहेबाला शाल-श्रीफळ देऊन फोटो काढायचा, म्हणजे मंडळाचं वजन वाढतं. पुढच्या मेळाव्याचं आमंत्रण आलं तेव्हा मी कळवलं, येतो. शाल मात्र माइकवर ताईबद्दल बोलल्यानंतरच घेईन.

मेळावा त्याच मंगल कार्यालयात. हॉल गच्च. अध्यक्ष माइकवर गेले आणि म्हणाले, "मध्यंतरी जरासा गैरसमज झाला होता, तो आता दूर झालाय. तर आता साहेबांचा सत्कार..." शाल घेऊन ते माझ्याकडं आले. मी उठलो नाही. "अध्यक्ष, नाव घ्या," मी म्हणालो. माइक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं. अध्यक्षांनी शाल खुर्चीवर ठेवली. ते परत माइककडं गेले. ताईचं पूर्ण नाव घेतलं, तिनं काहीही केलेलं नव्हतं असं सांगितलं, मी चुकलो म्हणाले. त्यानंतर मी शाल घेतली.

मग परिचय सुरू झाले. एकेक मुलगा-मुलगी येऊन नाव, शिक्षण, सोयरे, अपेक्षा सांगत होती. पूर्णेची मुलाकडची मंडळी पुढच्या रांगेत बसली होती; आम्ही परत तयार आहोत, असा निरोप त्यांनी सकाळीच ताईकडं धाडला होता. तेवढ्यात ताई मंचावर चढली. लोकांना वाटलं, माइक नीट करायला आली असेल. तिनं माइक हातात घेतला.

नाव सांगितलं, गाव वालूर म्हणून सांगितलं, शिक्षण सांगितलं. "पहिलं लग्न मोडलेलं हाय. हा खाजगी शेरा होता, आज मीच वाचून दाखवायले. सोयरे म्हणाल तर आई अन् एक भाऊ. मशीन पडणार न्हाई." हॉल हसला. ती थांबली, हसू ओसरू दिलं. "अपेक्षा एकच. माझ्याबद्दल काई ऐकलं तर आधी मला विचारावं."

कुणी टाळी वाजवली नाही. पूर्णेची मंडळी खाली बघत होती. ती मंचावरून उतरली आणि दाराशी आपल्या नोंदणीच्या टेबलावर जाऊन बसली.

या केसनं मला कॉम्प्युटर शिकवला नाही. तो अजूनही मला येत नाही. पण एक सवय लावली. त्यानंतर ज्याच्यावर खोटा आळ आला त्याची सुटका झाली, की मी विचारायचो, आळ कुठं घेतला होता? गल्लीत, शाळेत, देवळासमोर? तिथं जाऊन, गणवेशात, चार लोकांसमोर सांगून यायचो. वरिष्ठ म्हणत, हे आपलं काम नाही. नसेल. मी करत राहिलो.

काही महिन्यांनी जिंतूरकडचा एक गृहस्थ ठाण्यात आला. चाळिशीच्या आतला, कपडे नीटनेटके. आल्या आल्या भिंतीवरचा फलक वाचायला लागला. मी आत बोलावलं.

"साहेब, त्या मंडळातल्या ऑपरेटर बाई... त्यांच्या त्या केसमंदी तसं काई निघालं तर नव्हतं ना? न्हाई, आपलं सहज विचारायलो."

"तुम्ही मेळाव्याला होतात?"

"होतो की."

"मग तिची अपेक्षा ऐकली असेल."

 त्याचे कान लाल झाले. मग त्यानं टेबलावरचं हेल्मेट उचललं, नमस्कार केला आणि बाहेर पडला. खिडकीतून मला दिसलं, फाटकावरच्या हवालदाराला तो वालूरचा रस्ता विचारत होता.